लातूरला तुमचं कोण होतं

मी काही सविस्तर सांगायला लागले की तुम्ही म्हणायचात, "बाई, मुद्द्यावर या." शाळेतली मुलं मला बाई म्हणत, म्हणून तुम्हीही लग्नानंतर काही दिवसांतच चेष्टेनं बाई म्हणू लागलात आणि पुढे तेच माझं नाव झालं. शाळेच्या ग्रंथालयात जन्म घालवलेल्या बाईला मुद्द्यावर यायला थोडा वेळ लागतो, हे तुम्हाला कधी पटलं नाही. म्हणून या वेळी मुद्दा आधीच लिहिते. तुम्ही लातूरच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेला होतात, हे मला सांगितलं नाहीत. तुमचा जगात कुणावरच विश्वास नव्हता, ते मी पहिल्या दिवसापासून पाहत आले. त्या कुणावरच विश्वास नसण्यात मीही होते का, एवढंच मला विचारायचं आहे.

तुम्ही जाऊन अजून महिना झालेला नाही. घरात आता दोघीच आहोत. मी खुर्चीत आणि ती दिवाणाखाली. ती करडी, एका कानाला चीर असलेली सशाची मादी. मादी आहे हे कळूनही तुम्ही तिला 'तो ससा' म्हणत राहिलात. मी हे लिहिताना ती मला तिथून बघते आहे. बघते म्हणजे डोळा माझ्याकडे आहे, बाकी अंग भिंतीकडे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ह्या जनावराच्या मनात काहीतरी हाय.

तुमचा संशय हा आमच्या घराचा पाचवा सदस्य होता असं मी माझ्या बहिणीला एकदा म्हणाले होते. तेव्हा सासूबाई होत्या, आपला अनिकेत लहान होता. दूधवाल्यासमोर तुम्ही दूध बोटावर घेऊन बघायचात. कलिंगडवाल्याला आधी फोड काढून दाखवायला लावायचात आणि ती फोड लाल निघाली तरी म्हणायचात, "ह्यानं बरोबर तिथंच कापली." माझ्या भाचीच्या लग्नात पंगतीकडे नुसती नजर टाकून तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "कोपऱ्यातले ते दोघं बिनबोलावता आलेत." आणि ते खरंच शेजारच्या हॉलमधून जेवायला आलेले निघाले. तिकीट तपासनिसाच्या नोकरीनं तुम्हाला असं केलं, की तुम्ही मुळात असे होतात म्हणून त्या नोकरीत रमलात, यावर आपण कितीदा वाद घातला. तुमचं म्हणणं, नोकरीनं. माझं म्हणणं, मुळातच. तो वाद तसाच राहिला. आता माझी बाजू मांडायला समोर कुणी नाही, तेव्हा सध्या तुमचं खरं धरते.

जानेवारीत तुम्ही मुदखेडला जायला लागलात. मुदखेडचे तुमचे जुने सोबती, निवृत्त गार्ड, आजारी आहेत असं सांगून गेलात. मी डबा दिला. संध्याकाळी तुम्ही परत आलात आणि मला पहिल्यांदा शंका आली, कारण तुम्ही आलात त्या वेळेला मुदखेडकडून नांदेडला कुठलीच गाडी येत नाही. आपल्या घरात घड्याळ बंद पडलं तरी चालायचं, गाड्यांवरून सगळं कळायचं. रेल्वेवाल्यानं बायकोशी खोटं बोलताना गाडीची वेळ तरी सांभाळायला हवी होती. शिवाय तुमच्या उजव्या मनगटाच्या आत निळसर डाग पडला होता. मी विचारलं तर म्हणालात, "त्यांच्या दाराची कडी लागली." कडी मनगटाच्या आतल्या बाजूला कशी लागते, हे मी विचारलं नाही. मी मनात ठेवलं.

मग दुसऱ्यांदा मुदखेड. आणि चार दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या खैरुन्निसा आपा जिन्यात भेटल्या. हातात शिवायला आलेल्या ब्लाउजांचं गाठोडं.

"बाई, साहेब अहमदपूरला कुनाकडं जातात?"

"अहमदपूरला? नाही हो आपा. ते मुदखेडला जातात."

"मग माझ्या भावाची नजर गेली असंल. त्यानं स्टँडवर बघितलं म्हने. लातूरच्या गाडीतनं उतरून चहा पिऊन राहिले होते. सलाम केला तर तोंड फिरवलं."

"तोंड फिरवलं?"

"हाव ना. साहेब आन् तोंड फिरवनार? ते तर समोरच्याचं तोंड फिरेपर्यंत बघतात." मग आपा हसल्या आणि गाठोडं दुसऱ्या काखेत घेत म्हणाल्या, "लातूरला कोन हाय बघा बरं साहेबांचं. ह्या वयात माणसाला सोडायचं नसतंय मोकळं."

मी पण हसले. वर येऊन मात्र पुस्तक उघडलं ते तसंच उघडं राहिलं. या वयात बाई असेल असं मला वाटलं नाही, असं लिहिलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. थोडं वाटलं. जास्त करून वाटलं की तुम्ही कुठल्यातरी कोर्टकचेरीत अडकलात, कुणाला जामीन राहिलात. दुखणं मात्र डोक्यात आलं नाही. तुम्ही ताप आला तरी थर्मामीटर खोटा आहे म्हणणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मी विचारलं, "मुदखेडच्या गार्डसाहेबांची तब्येत कशी आहे?"

"बरी हाय. हळूहळू."

"आणि अहमदपूरचा चहा?"

तुम्ही कप बशीत ठेवलात. आधी माझ्याकडे पाहिलंत, तीच ती नजर, डब्यात माणसाला उभं करणारी. मी पण नजर काढली नाही. इतक्या वर्षांत थोडं मीही शिकले होते.

"कोण बोललं?"

"मी विचारते आहे. लातूरला कोण आहे?"

तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. मग म्हणालात, "ससा."

"कोण?"

"ससा, बाई. लातूरच्या अलीकडं, नांदेड रोडला, जनावरांचं शेल्टर हाय. कुत्री, गाढवं, असलं. तिथं एक ससा हाय. तो बघून राहिलो. आणावा का न्हाई ते ठरंना, म्हणून बोललो न्हाई."

मला हसू आवरलं नाही. घरात मांजर शिरलं तर काठी घेऊन गच्चीपर्यंत जाणारा माणूस सशासाठी चोरून लातूरला जातो. मी इतकी हसले की तुम्हीही हसलात. जिना उतरून मी आपांना सांगून आले, "लातूरला ससा आहे." त्या म्हणाल्या, "असंल बाई. नाव काय म्हने सशाचं?" आणि आम्ही दोघी पुन्हा हसलो.

त्या हसण्यात माझ्या सगळ्या शंका वाहून गेल्या. गाडीची वेळ गेली, मनगटावरचा डाग गेला. आता मागे वळून बघते तेव्हा मला तुमचेच शब्द आठवतात. तुम्ही अनिकेतला एकदा सांगत होतात: मुरलेला प्रवासी पकडला गेला की आधी छोटी चूक कबूल करतो. साहेब, चुकून स्लीपरमध्ये चढलो, पुढच्या स्टेशनला उतरतो म्हणतो, कान पकडतो, तुम्हाला हसवतो. त्या गडबडीत त्याच्याकडे मुळात तिकीटच नाही हे तपासायचं राहून जातं. तुम्ही माझ्यापुढे ससा ठेवलात. मी हसले. पुढचं तपासायचं राहून गेलं.

संक्रांत झाल्यावर आपण दोघं एस.टी.नं लातूरला गेलो. शेल्टर म्हणजे पत्र्याच्या शेडची एक रांग, चिंचेची दोन झाडं आणि कुत्र्यांचा गलका. तिथली मेघना मला आवडली. मुलगी मूळची जळकोटची, बोलणं सरळ, हाताला मलमाचा वास. तुम्हाला बघून ती ओळखीचं हसली, त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. मागच्या बाजूच्या खोलीत, कुत्र्यांपासून लांब, एका आडव्या ठेवलेल्या खोक्यात ती होती. दिसत होता तो फक्त एक कान.

तुम्ही चौकशी सुरू केलीत. आधी कुणाकडे होती? का सोडली? दात दाखवा. पोट बिघडतंय का? फुकट का देता? मेघना सगळ्याची उत्तरं देत गेली. कुणीतरी मुलांना खेळायला आणली होती. मुलांना कंटाळा आला तसं खोक्यात घालून गेटपाशी ठेवून गेले. कान आधीपासूनच फाटलेला होता. एका मुलानं ओढला असेल.

"फुकट देतोय म्हणजे आम्ही सोडून देतोय असं न्हाई काका," ती म्हणाली. "महिन्यानं आम्ही घरी येऊन बघतो. नीट नसंल तर परत आणतो."

"म्हणजे तुम्ही मला तपासायला येणार?"

"हो."

"मला?"

"तुम्हालाच की."

तुमचा चेहरा मी विसरणार नाही. जन्मभर दुसऱ्यांना तपासलेला माणूस. पण तुम्हाला राग आला नाही. उलट कुठंतरी बरं वाटलं, कारण तपासणारी माणसं तुम्हाला नेहमीच पटायची.

मग तिनं तिचे प्रश्न विचारले. घर स्वतःचं का? घरात कुत्रं-मांजर आहे का? उन्हाळ्यात कूलर लावता का? आणि शेवटी, जरा संकोचून, "काका, वाईट वाटून घेऊ नका, सगळ्याच वयस्कर माणसांना विचारावं लागतंय. तुम्हाला काही झालं तर हिला कोण बघंल?"

"ह्या बघतील," तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे बोट केलंत.

तुम्ही थांबला नाहीत. विचार केला नाहीत. बाकी प्रत्येक प्रश्नाला तुम्ही प्रतिप्रश्न केलात आणि या एकाच प्रश्नाचं उत्तर तयार होतं. गेले काही दिवस मी त्या क्षणावर पुन्हा पुन्हा येऊन थांबते. मला वाटायला लागलं की ससा आधी बहाणा होता आणि मग सोय झाली. बायको एकटी पडणार, तिला काहीतरी जिवंत देऊन जावं, म्हणून. तसं असेल तर तुम्ही मनानं जानेवारीतच गेला होतात आणि माझ्यासोबत बसून भाकरी खाणारा माणूस निरोप घेऊन झालेला होता. ही कल्पना मला मरणाइतकीच जड गेली आहे.

निघताना मेघनानं एक गोष्ट दोनदा सांगितली. "खाणं बंद केलं तर लगेच फोन करा. थांबू नका. ससा दुखणं दाखवत न्हाई. आजारी दिसला की दुसरं जनावर त्याला हेरतंय, म्हणून शेवटपर्यंत लपवतो."

तुम्ही म्हणालात, "हुशार हाय."

घरी आल्यावर ती पिंजऱ्यातून निघाली ती थेट दिवाणाखाली गेली आणि तिथंच राहिली. तुम्ही समोर स्टूल टाकून बसलात आणि तिच्याकडे बघत राहिलात. तुमची जुनी पद्धत. काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं, समोरचा आपोआप कबूल होतो. तिनं मागचे पाय जमिनीवर आपटले. असा आवाज की आपांनी खालून विचारलं, काय पडलं म्हणून.

मेघनाला फोन केला. ती म्हणाली, बघू नका. जमिनीवर बसा, पाठ करून, आपलं काहीतरी करत राहा. तिला वाटलं पाहिजे की तुमचं तिच्याकडे काही काम नाही.

हे मला जमण्यासारखं होतं. मी चटईवर पाठ करून बसले आणि वाचत राहिले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या टाचेला काहीतरी थंड, ओलसर लागलं आणि निघून गेलं. मी पान उलटलं. तुम्ही दारात उभे होतात.

"तुझ्याकडं आला."

"हळू बोला."

"माझ्याकडं का येत न्हाई?"

"तुम्ही बघता."

"बघत न्हाई मी. पाठ करूनच बसतो."

पाठ करून बसत होतात हे खरं. पण तुम्ही बंद टीव्हीकडे तोंड करून बसायचात आणि त्या काळ्या काचेत मागचा दिवाण बघायचात. मला ते कळलं तेव्हा मी बोलले नाही. तिला मात्र कळत असावं. तुमच्याकडे ती यायची नाही. तुम्ही तिला नाव ठेवायलाही तयार नव्हतात. आपांनी विचारलं तर म्हणालात, "सध्या आरएसी हाय. बसायला जागा दिलीय. महिन्यानं तपासणी झाली की बघू." रोज सकाळी नदीकडे फिरायला म्हणून जाऊन रुमालात हरळी घेऊन यायचात. कोथिंबिरीची पेंढी सोडून एक एक काडी वासानं तपासायचात, फवारणीची नसावी म्हणून. माझ्या जेवणात असली कोथिंबीर आयुष्यात कधी तपासली नव्हती.

ती किती खाते, लेंड्या किती, सगळ्यावर तुमची नजर. आपण दोघंही तिच्या ताटाकडे बघत होतो. तुम्ही अर्धी भाकरी बाजूला सारत होतात, जिना चढताना मधल्या वळणावर थांबत होतात. तिथं आपांचं दार येतं. तुम्ही त्यांच्या मशिनीची चौकशी करायचात, नातींची नावं विचारायचात. आपा मला म्हणाल्या, "साहेब आताशा किती बोलायला लागले हो. आधी मान हलवून जायचे." त्यांना वाटलं, वय झालं की माणूस मऊ होतो. तुम्ही श्वास घेत होतात.

फेब्रुवारी सरत आला होता. दुपारी जेवण झालं आणि तुम्ही चटईवर दिवाणाकडे पाठ करून बसलात. टीव्ही बंद. मी आत भांडी आवरत होते. बाहेर आले तर तुमच्या बनियनला पाठीमागून घाम सुटलेला आणि तुमचा हात छातीवर नाही, जबड्यावर. तुम्ही मला म्हणालात, "आवाज करू नको, तो बाहेर आलाय." ती खरंच बाहेर आली होती. तुमच्यापासून हातभर अंतरावर बसली होती, कान ताठ करून.

आपांच्या भावानं रिक्षा आणली. दवाखान्यात तरुण डॉक्टर मला विचारत होता, आधी काही त्रास होता का, आणि मी म्हणत होते, नाही, कधीच नाही. तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याकडे न बघता त्या मुलाला सांगितलंत, "लातूरला मनगटातनं अँजिओग्राफी झालेली हाय. ब्लॉकेज हायत. बायपास सांगितलंय." स्वच्छ, एका दमात, खात्याला अहवाल द्यावा तसं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग तुम्ही "बाई" म्हणालात. पुढचं काही आलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. भन्तेजींनी वंदना सुरू केली आणि सगळे एका आवाजात म्हणू लागले तसे दिवाणाखालून पाय आपटल्याचे आवाज आले. लोक एकमेकांकडे बघू लागले. तुमच्या मुदखेडच्या गार्डसाहेबांनी वाकून खाली बघितलं. हो, तेही आले होते. धडधाकट आहेत. मी त्यांना तब्येतीचं विचारलं तर गोंधळले.

अनिकेतनं पुण्याहून आल्यावर एकच प्रश्न विचारला. "आई, तुला खरंच माहीत नव्हतं?" मी नाही म्हटलं. त्यानं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि त्या वेळी त्याचे डोळे तुमचे होते. मला राग आला नाही. घरातल्या बाईला दीड-दोन महिने कळू नये, हे मलाही पटत नाही, त्याला का पटावं? जाताना म्हणाला, "ससा परत देऊन टाक. उन्हाळ्यात माझ्याकडे ये." मला ते बरोबर वाटलं. तिच्याकडे बघितलं की मला ती दिसत नव्हती, तुमचा बहाणा दिसत होता. मी मेघनाला फोन केला. तुम्ही गेल्याचं सांगितलं आणि म्हटलं, घेऊन जा.

ती परवा आली. हातात पिंजरा. तुमच्या फोटोला नमस्कार केला, मग चटईवर बसली, सवयीनं, दिवाणाकडे पाठ करून. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं आणि म्हणाली, "ओढून काढायला नको काकू. बसू थोडा वेळ. येती का बघू."

मी चहा ठेवला. ती म्हणाली, "काका लई चिकट होते. दोनदा परत पाठवलं मी त्यांना."

"परत पाठवलं?"

"एकटे आले होते की. एकट्या वयस्कर माणसाला देत न्हाई आम्ही. घरातलं माणूस आणा म्हटलं."

आणि मग तिनं सांगितलं, ते तुम्ही मला सांगायला हवं होतं. तुम्ही शेल्टर बघायला गेलाच नव्हतात. लातूरहून निघालेली एस.टी. नांदेड रोडला लागल्यावर तुम्हाला गरगरलं म्हणून तुम्ही उतरलात आणि समोर दिसलं त्या गेटमधून आत जाऊन पाणी मागितलंत. हाताला पट्टी होती. तिनं विचारलं तर मांजर चावलं म्हणालात. मांजराचं चावणं तिला रोजचं, हे ते नाही हे तिला कळलं, पण तिनं तसं दाखवलं नाही. कुत्र्यांच्या आवाजानं तुम्हाला जास्त त्रास होईल म्हणून तिनं तुम्हाला मागच्या शांत खोलीत नेऊन बसवलं.

मी मध्येच विचारलं, "कुठल्या हाताला पट्टी?"

माझा विश्वास बसत नव्हता. शेल्टर भरलेलं, ससा परत नेणं तिलाही जड, विधवा बाईला बरं वाटेल असं काहीतरी सांगून निघून जायचं तिला सोपं होतं. तुमच्यासोबत राहून मलाही ही सवय लागली आहे.

"उजव्या," ती म्हणाली. "इथं, मनगटाला."

मग मी तिला बोलू दिलं.

"बराच वेळ बसले काका. खोक्यातनं तिचं नाक बाहेर आलं होतं. मला म्हणाले, ह्याला काय झालंय? म्हटलं, भीती वाटती. म्हणाले, कशाची? म्हटलं, सगळ्याचीच. जाताना विचारलं, ससा जगतो किती? आठ-दहा वर्षं म्हटलं. तर म्हणाले, मग जमतंय. तेवढं मी काढतो."

मी चहाचा कप धरून बसले.

"दुसऱ्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, काकूंना आणा. तर म्हणाले, तिला आणलं की पंचाईत हाय. ती पुस्तकात डोकं घालून बसती, पण तिला सगळं कळतंय. आम्ही हजार लोक धरले, पण आम्हाला धरती ती."

"असं म्हणाले?"

"असंच. हसून राहिले होते."

शेवटची गोष्ट तिनं खाली मान घालून सांगितली. फेब्रुवारीत तुम्ही तिला फोन केला होतात. तपासणीला लवकर या म्हणून. तुमचं म्हणणं, मार्चच्या आधी एका कामाला जायचंय, पंधरा दिवस तरी घरात नसेन, आणि तपासणीला मी हजर पाहिजे. मी नसताना तुम्ही आलात, घर बंद दिसलं, ससा घेऊन गेलात, तर बाईला वाईट वाटेल. तिच्याकडे तेव्हा पिल्लांमध्ये साथ आली होती. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात येते. तुम्ही म्हणालात, चालतंय, मग काम पुढच्या आठवड्यानंतर करतो.

तिचे डोळे भरले. मी तिला म्हटलं, तुला काय माहीत. तिला खरंच काय माहीत?

तर ऑपरेशन ठरलं होतं. तुम्ही निरोप घेऊन बसला नव्हतात. तुम्ही आठ-दहा वर्षांचा हिशोब धरून होतात आणि ससा माझ्या सोयीसाठी नव्हता, तुम्हाला स्वतःला हवा होता. भ्यालेल्या माणसानं भ्यालेलं जनावर बघितलं आणि त्याला ते घरी न्यावंसं वाटलं. मला हे ऐकून किती सुटल्यासारखं झालं ते सांगता येत नाही. पाठोपाठ इतका संताप आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले. तपासणीला हजर राहायचं म्हणून बायपास पुढे ढकलणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा सापडणार नाही. अहो, तपासणीला मी हजर होते ना. मी दार उघडलं असतं. चहा दिला असता. साहेब दवाखान्यात आहेत असं सांगितलं असतं, तर त्या मुलीनं ससा नेला असता का?

मी बाहेर आले तेव्हा ती दिवाणाखालून निघून मेघनाच्या मागे पिंजऱ्याशी आली होती. दाराची तार हुंगत होती. अजून थोडं थांबलो असतो तर कदाचित आत गेली असती. मी मेघनाला म्हटलं, पिंजरा उचल. तिनं वर पाहिलं. "ठेवणार?" मी हो म्हटलं. अनिकेतला संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं, लातूरचं, मनगटाचं, तारीख पुढे ढकलल्याचं, काही न लपवता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा म्हणजे ना." आणि रडला. तुमच्यासाठी पहिल्यांदा नीट रडला. उन्हाळ्यात पुण्याला जाणार नाही असं मी त्याला सांगितलं. कूलरची जाळी बदलून घेतली आहे.

माझा प्रश्न होता, तुमचा माझ्यावर विश्वास होता का. मेघनाचं खरं धरलं तर उत्तर असं निघतं की होता, जरा जास्तच. मी धरीन ही भीती तुम्हाला होती. बरोबर होती. मला कळलं असतं तर मी तुम्हाला त्याच दिवशी दंडाला धरून ऑपरेशनला नेलं असतं, सशाची तपासणी गेली उडत म्हटलं असतं, आणि तुम्ही शुद्धीवर आल्यावर महिनाभर माझ्याशी बोलला नसतात. तो अबोला मी आनंदानं काढला असता.